चौघींची एक चाल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बाहेरचे पाहुणे बोलावायचे आणि त्यांचे विचार ऐकायचे, ही आपल्या मंडळाची जुनी रीत. यंदा कार्यकारिणीने घरच्याच बाईला उभे केले आहे, आणि त्याचे कारण तुम्हांला ठाऊक आहे. गेल्या संक्रांतीपासून आम्ही चौघीजणी पहाटे साडेचारला पाठीवर पिशव्या अडकवून कुठे जातो, संध्याकाळी इमारतीचा जिना वीस-वीस वेळा का चढतो आणि उतरतो, आणि आमच्यातल्या मावशींनी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पायजमा का घालायला घेतला, यावर आपल्या आळीत पुष्कळ चर्चा झाली. कोणी म्हणाले नवस आहे, कोणी म्हणाले वजन उतरवण्याचे खूळ आहे. तेव्हा काय ते एकदा सर्वांसमोर सांगून टाका, असे चिटणीसबाईंनी मला बजावले. मला भाषणाची सवय नाही. माझी तीस वर्षे बँकेत आकडे मांडण्यात गेली. म्हणून आकड्यांपासूनच सुरुवात करते.

येत्या नोव्हेंबरात आम्ही चौघी हाँगकाँगला जाणार आहोत. तिथे १०० किलोमीटरची एक डोंगरवाट ४८ तासांच्या आत पायी पार करायची आहे. या उपक्रमाचे नाव 'ट्रेलवॉकर'. दर वर्षी नोव्हेंबरात 'ऑक्सफॅम' ही संस्था तो भरवते आणि त्यातून मिळणाऱ्या देणग्या गरिबी निवारणाच्या कामाला लावते. एकट्यादुकट्याला त्यात भाग घेता येत नाही. चौघांचा संघ लागतो आणि चौघांनी वाटेतल्या प्रत्येक ठाण्यावर बरोबर पोहोचायचे असते. हा नियम नीट ध्यानात ठेवा, कारण मला आज जे सांगायचे आहे ते या एका नियमाभोवतीच आहे.

आता ही चाल कोणी काढली? सैनिकांनी. हाँगकाँग ब्रिटिशांच्या ताब्यात होते तेव्हा तिथे गुरखा पलटणी असत. त्यांच्या संदेशदळाने १९८१ साली आपल्या जवानांच्या कसरतीसाठी ही १०० किलोमीटरची चाल सुरू केली. १९८६ साली ऑक्सफॅम त्यात आली आणि सामान्य नागरिकांनाही दार उघडले. १९९७ साली हाँगकाँग चीनकडे गेले, गुरखे तिथून हलले, पण त्यांनी घालून दिलेली वाट आणि चौघांचा नियम मागे राहिला. डोंगरात एकटा शिपाई पडला तर त्याच्या मदतीला कोण, या विचारातून चौघांची तुकडी आली असावी, असे मला आपले वाटते.

आणि ऑक्सफॅम म्हणजे काय? हे नाव ऑक्सफर्ड या गावावरून पडले आहे. दुसऱ्या महायुद्धात ग्रीस देश शत्रूच्या ताब्यात गेला. शत्रूला रसद मिळू नये म्हणून ब्रिटिश आरमाराने नाकेबंदी केली, आणि तिथली सामान्य माणसे उपाशी मरू लागली. तेव्हा १९४२ साली ऑक्सफर्डमधल्या काही नागरिकांनी एक समिती स्थापन केली आणि आपल्याच सरकारकडे मागणी केली की, निदान बायकामुलांसाठी अन्न जाऊ द्या. स्वतःच्या घरी शिधावाटप चालू असताना परमुलखातल्या भुकेची काळजी करणारी ही माणसे! हाँगकाँगमध्ये या संस्थेचे काम १९७६ साली काही स्वयंसेवकांनी सुरू केले.

माझा या सगळ्याशी संबंध आला तो माझ्या मुलीमुळे. ती नोकरीनिमित्त हाँगकाँगला राहते. गेल्या नोव्हेंबरात मी दहा-बारा दिवस तिच्याकडे गेले होते. तिच्या कचेरीतला एक संघ या चालीत उतरला होता आणि त्यांना ठाण्यावर गरम जेवण पोहोचवण्याचे काम तिने पत्करले होते. मीही तिच्याबरोबर पातेली धरून गेले. रात्रीची वेळ होती. केई लिंग हा नावाच्या ठिकाणी, सुमारे ३४ किलोमीटर चालून आलेले संघ अंधारातून एकेक करून येत होते. कपाळावर दिवे, हातात काठ्या. त्यांतल्या एका संघातली एक बाई बसली ती उठेचना. तिच्या बरोबरचे तिघे तिच्याभोवती बसले. एकाने तिचे बूट काढले, दुसऱ्याने पाय चोळला, तिसऱ्याने पेल्यात सूप आणले. पाऊण तासात त्यांतल्या कोणीही घड्याळ पाहिले नाही. मग ती उठली, आणि चौघेही पुढच्या डोंगराकडे गेले. ते पुढे पोहोचले की नाही, मला कळले नाही. परंतु परतताना विमानात मी तोच विचार करीत होते की, आपल्या ओळखीत अशा तीन बायका कोण, ज्या माझे बूट काढतील?

त्या तीन बायका मला याच सभागृहात सापडल्या. एक आपल्या ताई. रुग्णालयात परिचारिका म्हणून सेवा करून निवृत्त झालेल्या. दुसऱ्या आमच्या शेजारच्या वहिनी. त्यांच्या सासूबाई तीन वर्षे अंथरुणाला खिळून आहेत. तिसऱ्या मावशी, पोळीभाजी केंद्र चालवून दोन मुलांना मार्गी लावलेल्या. आणि चौथी मी, हिशेबनीस. सर्वांत लहान वहिनी, बावन्न वर्षांच्या.

आता वाट कशी आहे ते सांगते, म्हणजे तयारी कशाची ते समजेल. हाँगकाँग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गगनचुंबी इमारती येतात. परंतु तिथला बराचसा मुलूख डोंगर-जंगलाचा आहे, आणि त्यातला मोठा भाग सरकारने राखीव उद्याने म्हणून जपला आहे. मॅक्लेहोज नावाचे तिथले एक गव्हर्नर स्वतः हौशी पदभ्रमण करणारे होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९७९ साली, १०० किलोमीटरची एक सलग पायवाट खुली झाली. तिला त्यांचेच नाव आहे. ही चाल बहुतांशी त्याच वाटेने जाते. वाटेवर दर अर्ध्या किलोमीटरला क्रमांकाचा खुंट रोवलेला आहे. एकूण दोनशे खुंट. चुकण्याची भीती त्यामुळे कमी, पण मनाला त्रास अधिक, कारण अजून किती राहिले ते दर अर्ध्या किलोमीटरला कळते!

या वाटेचे दहा टप्पे आहेत. पहिला १०.६ किलोमीटरचा, एका मोठ्या जलाशयाच्या काठाने जाणारा, जवळजवळ सपाट. दुसरा १३.५ किलोमीटरचा, समुद्राच्या पांढऱ्या पुळणीवर उतरायचे आणि पुन्हा डोंगर चढायचा. हे दोन टप्पे मी मुलीबरोबर चालून पाहिले आहेत. तिथली पुळण इतकी सुंदर आहे की तिथेच बसून राहावेसे वाटते, आणि हाच तिचा धोका. चौथा टप्पा मा ऑन शान या डोंगराच्या खांद्यावरून जातो. मा ऑन म्हणजे घोड्याचे खोगीर, आणि लांबून तो डोंगर खरोखर तसा दिसतो. सहाव्या टप्प्यावर माकडांचे राज्य आहे. हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की ती गेली म्हणून समजा. सिंहगडाच्या माकडांशी आमचा परिचय असल्यामुळे त्याबाबतीत आम्ही निश्चिंत आहोत. त्याच टप्प्यावर महायुद्धातली जुनी भुयारे आहेत. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्य तिथे चालून आले, तेव्हा हाँगकाँगच्या बचावासाठी लढलेल्यांत राजपूत आणि पंजाब या दोन रेजिमेंटांच्या हिंदी पलटणीही होत्या. परदेशातल्या त्या डोंगरात आपल्या मुलखाच्या माणसांचे रक्त सांडले आहे, हे ठाऊक असले म्हणजे ती वाट अगदीच परकी वाटत नाही.

आणि सर्वांत उंच डोंगर कुठे आहे? ताई मो शान, ९५७ मीटर. तो येतो आठव्या टप्प्यात, म्हणजे ६८ किलोमीटर चालून झाल्यावर! एकूण चढ साडेचार हजार मीटरहून अधिक भरतो. आतकरवाडीहून सिंहगड चढताना आपण सहाशे मीटरच्या आसपास चढतो. म्हणजे सिंहगड सात-आठ वेळा चढायचा, तितकाच उतरायचा, आणि तोही दोन दिवस दोन रात्रींत. नोव्हेंबरात तिथे संध्याकाळी पावणेसहाच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे निम्म्याहून अधिक वेळ अंधाराचा.

हे ऐकून तुम्ही घाबरू नका; आम्ही घाबरून झाले आहे. त्यानंतर मी हिशेब मांडला. ताशी तीन किलोमीटर चालले तर १०० किलोमीटरला ३३ तास २० मिनिटे लागतात. उरले १४ तास ४० मिनिटे. त्यात खाणे, बसणे, फोडांना पट्टी, आणि दोन डुलक्या. म्हणजे धावण्याची मुळीच गरज नाही. भाजी आणायला जातो त्या चालीने गेलो तरी पोहोचतो. मात्र ती चाल सुटता कामा नये. हा हिशेब ऐकून मावशी म्हणाल्या, "म्हणजे हे पराक्रमाचे काम नव्हे, चिकाटीचे आहे. मग ते बायकांचेच!"

तयारीचे तीन भाग आम्ही केले. पाय, पोट आणि झोप.

पायांचे खाते ताईंकडे. त्यांनी पहिल्याच दिवशी आमची नखे तपासली, शाळेत बाई तपासतात तशी. उतारावर बोटे बुटाच्या टोकाला आपटतात, म्हणून नखे आखूड आणि सरळ कापलेली हवीत. लांब चालले की पाय सुजतात, म्हणून बूट अर्ध्या मापाने मोठा घ्यायचा आणि तो संध्याकाळी घ्यायचा, सकाळी नव्हे. आत पातळ मोजा, वर जाड. बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलिन. एखादी जागा नुसती गरम वाटू लागली की तिथेच थांबून पट्टी लावायची. "फोड आल्यावर लावलेली पट्टी म्हणजे चोरी झाल्यावर घातलेले कुलूप," असे ताईंचे म्हणणे. मांड्यांना बळकटी यावी म्हणून खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, दिवसातून पन्नास वेळा. जिन्याचा उलगडा आता तुम्हांला झालाच असेल. पर्वतीच्या पायऱ्यांवर तर आम्हांला आता फुलवालासुद्धा ओळखतो.

पोटाचे खाते मावशींकडे. दोन दिवस टिकेल, चालता चालता खाता येईल आणि तहान वाढवणार नाही असे काय, यावर त्यांनी सात महिने प्रयोग केले. दुधात भिजवलेल्या दशम्या उत्तम ठरल्या. शेंगदाण्याचा लाडू चढावर घशात अडकतो. तोच गुळाच्या पाकात मऊ केला तर चालतो. पोटभर एकदा जेवण्यापेक्षा दर तासाला चार घास बरे. पाण्याबद्दल मात्र ताईंनी एक गोष्ट सांगितली, ती तुम्ही सर्वांनीच लक्षात ठेवावी. घाम गाळीत तासन्‌तास चालताना नुसतेच पाणी ढसाढसा पीत राहिले, तर रक्तातले मीठ पातळ होते. मग मळमळ, डोके दुखणे, भ्रम. फार झाले तर जिवावरही बेतते. म्हणून पाण्याबरोबर मीठ-साखर पोटात गेली पाहिजे आणि पाणी तहानेप्रमाणे प्यायले पाहिजे. आमच्या एका बाटलीत पाणी आणि दुसरीत लिंबाचे सरबत असते ते यासाठी.

तिसरी झोप. रात्री चालण्याची सवय आपल्याला नसते. चैत्रातल्या पौर्णिमेला आम्ही गिर्यारोहण करणाऱ्या एका मंडळाबरोबर कात्रजहून सिंहगडाला रात्रभर चालत गेलो. टेकड्यांमागून टेकड्या, एक संपली म्हणावे तो पुढे दुसरी उभी. पहाटे तीन ते पाच हा काळ सर्वांत वाईट. पाय नव्हे, मन दमते. उगाच राग येतो. वहिनींना तर पुढे चालणाऱ्या माझ्या पिशवीच्या बंदाचासुद्धा राग आला, असे त्यांनी नंतर कबूल केले. तेव्हा ठरले की, तीन ते पाच कोणी कोणाच्या बोलण्याचे मनावर घ्यायचे नाही. त्या दोन तासांतले बोलणे हिशेबात धरायचे नाही.

आता मी मुख्य गोष्टीकडे येते. जुलैत सिंहगड उतरताना मावशींचा उजवा गुडघा सुजला. घरी पोहोचेपर्यंत पाय दुमडेना. डॉक्टरांनी तपासले, वयाप्रमाणे झीज आहे, चालण्याला मनाई नाही, पण उतारावर दोन काठ्या हव्यात, पावले लहान हवीत, आणि तीन आठवडे चढउतार बंद. तीन आठवड्यांनी मावशी आमच्याकडे आल्या. त्यांनी डबा आणला होता आणि चेहरा मुद्दाम हसरा ठेवला होता. त्या म्हणाल्या, "मी बदली बाई शोधते. माझ्यापायी तुम्ही तिघींनी अडून राहू नये."

मैत्रिणींनो, खरे सांगायचे तर हा प्रश्न साधा नव्हता. शेवटी मावशींचा पाय आहे. हौसेपायी तो कायमचा अधू झाला तर त्याला जबाबदार कोण? आणि दुसऱ्या बाजूने, त्यांना "बरं, तुम्ही राहा" म्हणणे म्हणजे त्या चौघांच्या नियमाचा अर्थच न समजणे. तेव्हा ताईंनी एक गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "दर रविवारी सिंहगडावर मी पाहते. घोळका येतो. तरणे लोक पुढे जातात आणि वळणावर बसून मागच्याची वाट पाहतात. मागचा धापा टाकीत येतो. तो आला की बसलेले म्हणतात, चला, आला हा! आणि उठतात. म्हणजे जो सर्वांत दमलेला, त्यालाच सर्वांत कमी विसावा. आणि लोक समजतात की आपण त्याच्यासाठी थांबलो!"

हे ऐकून आम्ही सगळ्या गप्प झालो. कारण हे काही डोंगरावरच होत नाही. घरात सर्वांचे जेवण झाल्यावर जी जेवायला बसते, तिचे पान वाढून होते तोवर बाकीचे उठलेले असतात. सर्वांत कमी विसावा कोणाला मिळतो, हे आपल्यातल्या प्रत्येकीला सांगावे लागत नाही.

तेव्हापासून आम्ही क्रम बदलला. मावशी सर्वांत पुढे. त्यांच्या मागे वहिनी, मग मी, आणि शेवटी ताई. ज्या वेगाने मावशी चालतील तो आमचा वेग. त्या थांबल्या की आम्ही थांबतो, त्या निघाल्या की निघतो. मावशींनी दोनदा आळंदी ते पंढरपूर वारी केली आहे; त्या म्हणाल्या, "दिंडीत प्रत्येकाला आपली जागा असते. जागा असली म्हणजे माणूस मागे राहिल्यासारखा वाटत नाही." आणि गंमत अशी की, मावशी पुढे गेल्यापासून आमचा एकूण वेळ वाढला नाही, कमी झाला. कारण पूर्वी पुढच्या धावत, मग बसत. आता कोणीच बसत नाही. मी वहीत दर रविवारची वेळ मांडून ठेवली आहे. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी २४ किलोमीटर चालायला विसाव्यासकट आठ तास लागले. ताशी तीन! हिशेब जमला.

गुडघ्याचे काय? त्याबद्दलचा निर्णय मावशींनीच केला आणि आम्ही तो मान्य केला. पाचव्या टप्प्याच्या शेवटी, म्हणजे ५७.६ किलोमीटरवर, ताई गुडघा तपासतील. सूज असेल तर मावशी तिथे ठाण्यावर कळवून थांबतील आणि आम्ही तिघी पुढे जाऊ. तशी मुभा आहे. मात्र "पुरे" हा शब्द ज्या बाईच्या तोंडून निघेल, तिला कोणी "अजून थोडे" म्हणायचे नाही आणि मागून कधी ऐकवायचे नाही. हा नियम फक्त मावशींना नव्हे, चौघींना. न थांबता चालणे शिकायला आम्हांला नऊ महिने लागले. "पुरे" म्हणणे आणि ऐकणे शिकायला त्याहून अधिक लागतील असे दिसते.

आता पैशांकडे वळते, कारण त्याबद्दल जिन्यात सर्वांत अधिक बोलले गेले आहे. "दानधर्मच करायचा तर हाँगकाँगला कशाला? विमानाच्या तिकिटाचे पैसे सरळ इथे कोणाला दिले तर?" हा प्रश्न विचारणाऱ्या भगिनीला मी दोष देत नाही. प्रश्न बरोबर आहे आणि त्यातले गणितही बरोबर आहे. म्हणून मी दोन वह्या केल्या आहेत. पहिल्या वहीत आमचा खर्च: तिकीट, बूट, काठ्या. ती आमची हौस आहे आणि तिचा पैसा आम्ही चौघी आपापल्या साठवणीतून घालतो. राहायला माझ्या मुलीचे घर आहे. हौसेला दानाचे नाव देऊन ती खपवायची नाही, असे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवले. दुसरी वही दानाची. तिकडच्या नियमाप्रमाणे संघाने ठरावीक किमान देणगी उभी करावी लागते; ती माझी मुलगी आणि तिच्या कचेरीतली मंडळी तिथेच जमवीत आहेत. परदेशी पाठवण्यासाठी या सभागृहातून आम्ही एक पैसाही मागणार नाही.

परंतु इथे मागणार आहोत, इथल्यासाठी. आपल्या मंडळाचा मुलींच्या शिक्षणाचा निधी आहे. त्यातून आपण फी, पुस्तके आणि बसचा पास देतो. यंदा अर्ज अधिक आले आहेत आणि निधी तोकडा आहे, हे खजिनदारबाई मघाशी अहवालात बोलल्याच. तेव्हा आम्ही योजले की, प्रत्येक किलोमीटरला एक रुपया, असे प्रत्येक घरातून शंभर रुपये घ्यावेत. आधी मी असे सुचवले होते की, जितके किलोमीटर आम्ही चालू तितकेच रुपये घ्यावेत. म्हणजे व्यवहार चोख. त्यावर मावशी म्हणाल्या, "म्हणजे माझा गुडघा सत्तावन्नला थांबला तर त्या पोरीची फी सत्तावन्न टक्के भरायची काय?"

यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. म्हणून आता योजना अशी: आम्ही निघण्यापूर्वीच पावत्या फाडायच्या आणि पैसे निधीत जमा करायचे. आम्ही शंभर चाललो तर उत्तम; पाच चाललो तरी मुलीची फी पूर्ण. मुलींचे शिक्षण कोणाच्या पराक्रमावर अवलंबून ठेवू नये.

शेवटी आभार. त्या चालीत प्रत्येक संघाला मदतनिसांची तुकडी असते. ती पुढच्या ठाण्यावर जेवण, कोरडे मोजे घेऊन उभी असते. हाँगकाँगला ते काम माझी मुलगी करील. परंतु आमची खरी तुकडी गेले नऊ महिने इथेच उभी आहे. दर रविवारी वहिनी आमच्याबरोबर येऊ शकल्या त्या कशाच्या बळावर? त्यांच्या सासूबाईंजवळ पाळीपाळीने आपल्यापैकी अकराजणी बसल्या. वेळापत्रक कोणी छापले नाही, की सभेत ठराव केला नाही. कोणी पेज भरवली, कोणी पोथी वाचली, कोणी नुसते कूस बदलायला हात दिला. आता आम्ही जाऊ तेव्हा सलग आठ दिवस ही व्यवस्था लागणार आहे. वहिनींना ते मागायला संकोच वाटतो, म्हणून त्यांच्या वतीने मी मागते. बाहेर टेबलावर दोन कागद ठेवले आहेत. एकावर निधीसाठी नाव घालायचे, दुसऱ्यावर सासूबाईंजवळ बसण्याचा दिवस आणि वेळ. पैसे देणे ज्यांना या महिन्यात जड असेल त्यांनी दुसऱ्या कागदावर नाव घालावे; माझ्या वहीत दोन्हींची किंमत सारखीच धरली आहे. आणि वहिनी परतल्यावर आपल्याही घरी अशी गरज पडली तर ते कागद पुन्हा याच टेबलावर येतील, हे मी त्यांच्या आणि आमच्या सर्वांच्या वतीने सांगते.

वहिनींच्या सासूबाईंनी मला परवा जवळ बोलावले. त्यांना सगळे नीट उमजते. त्या म्हणाल्या, "सुनेला सांग, माझी काळजी करीत चालू नकोस. पायांखाली बघ." डोंगरात चालणाऱ्या बाईला याहून चांगला सल्ला मी ऐकलेला नाही.

आम्ही चौघी कार्तिकात निघू. परत आल्यावर काय झाले ते सांगायला पुन्हा उभी राहीन. शंभर झाले तरी आणि झाले नाहीत तरी. तोवर पहाटे जिन्यात पावले वाजली तर दार उघडून पाहू नका, झोपा. आणि कोणाला उठून बरोबर यावेसे वाटले, तर जरूर या. फक्त मावशींच्या पुढे कोणी जायचे नाही.